रोडग्यांचा हिवाळा

नागपूरला थंडी एका रात्रीत येते. आदल्या दुपारी पंखा फिरत असतो आणि दुसऱ्या सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. परवा ती तशीच आली. मनीषनगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी चहाचा कप घेऊन उभा राहिलो, तर समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकीच दिसेना. खालून शेजारचे निवृत्त काका मफलर गुंडाळून फिरायला निघाले होते. वर बघून ओरडले, "काय मस्त धुकं पडलं न भाऊ!" मीही हात हलवला, हो म्हणालो. मग कप कठड्यावर ठेवून दिला.

धुक्याला वास नसतो. याला होता. विझलेल्या चुलीवर कोणी पाणी मारावं तसा ओलसर, राखेचा वास. तो नाकात गेला आणि मी एकदम दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात जाऊन उभा राहिलो. माझी इच्छा नसताना.

मला हिवाळ्याची भीती वाटते. आमच्या गावात हे बोलायची सोय नाही. मार्चपासून भाजून निघणारी माणसं आम्ही, थंडीची वाट पाहत दिवस काढतो. थंडी आली की संत्र्यांच्या राशी लागतात, तुरीच्या शेंगा उकडल्या जातात, पेटीतले स्वेटर बाहेर येतात आणि लोक एकमेकांशी जरा बरं बोलू लागतात. अशा दिवसांत "मी घाबरलोय" म्हणणारा माणूस लग्नात रडणाऱ्या पाहुण्यासारखा दिसतो. म्हणून मी कोणाला सांगत नाही. एकेकाळी मलाही हिवाळा फार आवडायचा, हेही सांगत नाही.

गॅलरीला सरकतं काचेचं दार आहे. त्या दाराच्या आत, सोफ्याच्या कोपऱ्यात, सुनंदा बसलेली असते. सुनंदा माझी बायको. तिला लहानपणापासून दमा आहे. आमच्या घरात कार्तिकापासून माघापर्यंत एक न बोललेली वाटणी असते: काचेच्या आत ती, काचेच्या बाहेर मी. मला चहा उघड्यावरच लागतो. ती आतून कप उंचावून दाखवते, मी बाहेरून. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातले बावीस हिवाळे आम्ही सकाळचा चहा असा काचेआडून घेतला. मला यात थोडी ऐट वाटायची, खोटं कशाला बोलू? मी निरोगी माणूस. मला वारा चालतो.

आमच्या घरी छाती मजबूत असते असं आम्ही समजत आलो. आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. बाबा आयुष्यभर मागावर बसले. त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचे बारीक तंतू असायचे, ते आई पदराने टिपायची. बाबा खोकायचे. पण तो खोकला आम्हाला कधी आजार वाटला नाही. गल्लीच्या तोंडाशी खोकला ऐकू आला की आई ताट घ्यायची. त्यांना कोणी आजारी म्हटलं असतं तर ते भांडले असते. आता वाटतं, तो खोकला इतकी वर्षं काहीतरी सांगत होता आणि आम्ही त्यावर जेवणाची वेळ लावत होतो.

मी मागावर बसलो नाही. सदरमध्ये मेन रोडवर माझं चष्म्याचं दुकान आहे. काच पुसणं हा माझा धंदा. सकाळी शटर उघडलं की पहिलं काम म्हणजे शोकेस पुसणं, मग आरसे, मग फ्रेमा. सव्वीस वर्षं मी हे करतोय आणि फडकं काय सांगतं ते मला कळतं. पावसाळ्यात ते दोन दिवस चालतं. हिवाळ्यात एका फेरीत करडं होतं. ती धूळ मातीची नसते, माती खरखरीत असते आणि झटकली की जाते. ही चिकट असते, बोटाला लागली की काळपट डाग ठेवते. रस्ता सिमेंटचा व्हायला लागला त्या वर्षी तिच्यात पांढरी भुकटी मिसळली. विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की आमच्याकडचे रस्ते पहाटे जोरात झाडले जातात, दुभाजक रंगतात, आणि ती झाडलेली सगळी धूळ दहा वाजेपर्यंत आमच्या दुकानांत येऊन बसते. मी फडकं झटकतो. कुठे झटकतो, तर दाराबाहेर. इतकी वर्षं माझ्या मनात कधी आलं नाही की फडकं दोन तासांत असं होतं, तर ज्याला फडक्यासारखं झटकता येत नाही त्याचं काय होत असेल.

सुनंदाला मात्र आधी कळायचं. टीव्हीवर हवेचा रंग नारिंगी की लाल ते सांगायच्या कितीतरी आधी. "आज कुठीतरी काही जळून राहिलं," ती म्हणायची. मला कसलाच वास यायचा नाही. मी म्हणायचो, "तुले भास होतात वं." ती वाद घालायची नाही, उठून खिडकी लावायची. दुपारी बाहेर पडलो की दिसायचं, मागच्या प्लॉटवर कोणीतरी पालापाचोळ्यासोबत प्लास्टिक पेटवून दिलेलं असायचं. अशी ती बरोबर निघाली की मी तिला चिडवायचो, तुझं नाक पोलिसांत द्यायला पाहिजे. ती हसायची. हसताना शेवटी एक बारीक शिट्टी वाजायची छातीत. त्या शिट्टीचीही मला सवय झाली होती.

तर तो हिवाळा.

दिवाळीत सुरुवात झाली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी शहरावर फटाक्यांचा धूर बसून होता, वारा अजिबात नव्हता. सुनंदा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ओट्याला धरून राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं पण बोलली नाही, कारण बोलायला लागणारा श्वास तिच्याकडे नव्हता. दमा मी पाहिला होता. हे पाहिलं नव्हतं. तिच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि ओठांचा रंग उतरत होता. दवाखान्यात नेईपर्यंत मी सिग्नल पाळले की तोडले मला आठवत नाही. तिला आत घेतलं, दार लागलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो.

मी देवाधर्मातला माणूस नाही. घरात देव्हारा आहे, तो सुनंदाचा. पण त्या बाकावर मला दुसरं काही सुचेना. सावनेरकडे तिच्या भावाचं, प्रमोदचं, वावर आहे. त्या वावरात एका बाभळीखाली शेंदूर फासलेला मारुती आहे, फूटभर उंचीचा. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा सुनंदाने तिथे नमस्कार करायला लावला होता. तो मारुती डोळ्यांपुढे आला. वाऱ्याचाच पोरगा तो, त्याच्याकडे वारा मागायला हरकत नाही, असं काहीतरी मनात आलं. मी हात जोडले आणि म्हणालो, हिचा श्वास परत दे, तुझ्यापुढे माझ्या हाताने एकवीस रोडगे करीन.

आमच्याकडे रोडग्यांचा नवस फार जुना. गव्हाच्या जाडसर पिठाचे, पदर घालून वळलेले मुठीएवढे गोळे, ते गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ज्याने नवस बोलला त्याने भाजायचे, ज्याच्यासाठी बोलला त्याने पहिला घास खायचा. गोवऱ्यांशिवाय रोडगे होत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. बाकावर बसून हात जोडले तेव्हाही माहीत होतं. दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी होत्या, तिचा श्वास आणि गोवऱ्यांचा आर, आणि त्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

ती बरी झाली. चौथ्या दिवशी घरी आलो. येताना छातीच्या डॉक्टरांनी, एका शांत बोलणाऱ्या बाईंनी, एक प्लास्टिकची नळी दिली. तीत जोरात फुंकायचं, मग काटा सरकतो आणि आकडा दाखवतो. रोज सकाळी फुंकून आकडा लिहून ठेवा, म्हणाल्या. आकडा घसरला की श्वास लागायच्या आधीच कळतं. सुनंदाने तिला नाव ठेवलं फुंकणी. पहिल्या दिवशी ती फुंकायला संकोचली. एकटीने असं गाल फुगवून फुंकायचं तिला हसू येत होतं. म्हणून मीही फुंकलो. तिचा काटा अडीचशेला थांबला, माझा साडेपाचशेला.

"तुमची छाती हाय का लोहाराचा भाता?" ती म्हणाली.

मग रोजचंच झालं. आधी ती, मग मी. "फुंक वं. पुन्हा एकदा. जोर लाव," असं मी म्हणायचो. सकाळी चष्म्याशिवाय तिला बारीक आकडे दिसायचे नाहीत, म्हणून काटा मीच वाचायचो आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचो. वर तिचा लाल शाईत, खाली माझा निळ्या. माझ्या आकड्याची काही गरज नव्हती. तो आपला तिच्या सोबतीला.

नवस मी लपवून ठेवणार होतो, पण पोटात राहिला नाही. तिला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. मी, देवळाच्या बाहेर चपला राखत उभा राहणारा माणूस, तिच्यासाठी नवस बोललो याचंच तिला अप्रूप. धुराचा विषय निघाला. निघाला नाही असं नाही.

"तू घरी राह्य," मी म्हणालो. "मी करून येतो. प्रसाद आणतो."

"तुमचा नवस हाय, अन् मी घरी बसू? पहिला घास कोण खाईन?" ती म्हणाली. "दूर बसीन मी. तोंडाले दुपट्टा बांधीन. दम्याचा पंप ठेवा खिशात."

मी अजून एकदा नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मला आतून बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

पौषातला शनिवार होता. दुकान बंद ठेवून आम्ही निघालो. सावनेरच्या वाटेवर कोळशाचे ट्रक एकामागे एक, त्यांच्या ताडपत्र्या फडफडत होत्या, कडेच्या झाडांची पानं एका रंगाची झाली होती. आम्ही काचा वर केल्या. सुनंदा संत्री सोलत होती आणि गाडीभर त्या सालीचा वास होता. वावरात कापूस वेचून झाला होता, तूर उभी होती. प्रमोदने बाभळीजवळ गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. दिवस थंड होता, उजेड पांढरट, आणि पानही हलत नव्हतं. "काय मस्त दिवस भेटला, भाऊजी," प्रमोद म्हणाला. "हवा नाही, आर बरोबर पडते." मलाही तेव्हा ते चांगलंच वाटलं.

सुनंदा लांब, तुरीच्या कडेला खाट टाकून बसली. मी हातपाय धुऊन, शर्ट काढून बाभळीला अडकवला आणि पीठ मळायला बसलो. पंप शर्टाच्या खिशात होता. गोवऱ्या पेटल्या. धूर वर गेला नाही. पुरुषभर उंचीवर जाऊन तो आडवा पसरला, चादर अंथरावी तसा, आणि हळूहळू तुरीकडे सरकू लागला.

एकवीस रोडगे आरात गेले. काही वेळाने काढायला लागलो. एकेक काढून प्रमोदने धरलेल्या फडक्यात टाकायचा, तो घोळून राख झटकायचा. पाच झाले, आठ झाले. तेव्हा तिचा पहिला खोकला ऐकला.

"काहून वं, त्रास होऊन राहिला का?" मी इथूनच ओरडलो.

"मले काही नाही होऊन राहिलं. तुमी रोडगे पाहा, जळतीन."

अकरा, बारा. खोकला थांबेना. प्रमोद म्हणाला, "भाऊजी, ताईले घेऊन सडकेवर जा तुमी. मी काढतो बाकीचे." मी मान वळवून पाहिलं. ती खाटेवर पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. मला माहीत होतं ते बसणं. ओट्याला धरून ती तशीच उभी होती. मला माहीत होतं.

"नवस माहा हाय गा," मी प्रमोदला म्हणालो. "माह्याच हातानं काढा लागते." आणि तिच्याकडे ओरडलो, "दोन मिनिटं थांब, सुनंदा! नऊच राहिले!"

मी नऊ रोडगे काढले. मोजून. हात भाजत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी मोजत होतो. तेरा. चौदा. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. अर्ध्यात सोडलं तर दिलेला श्वास तो परत घेईल, अशी भीती होती. त्या भीतीत मी इतका बुडालो होतो की श्वास तिथेच, पन्नास पावलांवर, चालला होता हे मला दिसलं नाही. दिसलं होतं. पण मोजणं थांबलं नाही.

एकविसावा फडक्यात टाकला आणि वळलो तेव्हा ती खाटेवरून खाली बसली होती. दुपट्टा ओढून काढलेला. मी धावलो, परत मागे धावलो शर्टाकडे, पिठाच्या आणि राखेच्या हातांनी पंप काढला. एक दाब, दुसरा दाब. पण त्या धुरात ती औषधासोबत धूरच ओढत होती. प्रमोद आणि मी तिला उचलून गाडीत टाकलं. काचा बंद. पुढे ट्रकांची रांग. तिने माझी मनगटं धरली होती, गाडी चालवायला हात सोडवून घ्यावे लागले. ती काही मागत नव्हती. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ते माझ्यावर होते, एवढंच.

सावनेरच्या एका छोट्या दवाखान्यात तिला मशीनची वाफ दिली, सुई दिली. पाऊण तासाने तिचे खांदे खाली आले. मी बनियनवर, अंगभर राख, कोपऱ्यात उभा होतो. तिने हळूच हात नाकाशी नेला. सकाळी सोललेल्या संत्र्याचा वास अजून बोटांना होता. "संत्र्याचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. रोडगे प्रमोदने मारुतीपुढे ठेवले होते. पहिला घास कोणी खाल्ला, मी कधी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. सुनंदाचं मोठ्या मशीनवर फुंकून झालं होतं, ती आत वाफ घेत होती आणि मी डॉक्टरांसमोर. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, गोवऱ्या, नवस, नऊ रोडगे. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागदाच्या पाठीमागे दोन गोल काढले, एक मोठा, एक लहान. "धूर दोघांच्याही छातीत गेला," म्हणाल्या. "दोघांच्याही नळ्यांना आतून सूज येते, दोघांच्याही आवळतात. तुमच्या नळीत जागा शिल्लक आहे, म्हणून तुम्हाला कळत नाही. यांच्या नळीत शिल्लकच नाही. त्यांना कळतं, तुम्हाला कळत नाही, फरक एवढाच." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चला, आलाच आहात तर तुम्हीही फुंका."

माझ्या दुकानात हे नेहमी घडतं. बायकोचा चष्मा करायला आलेला माणूस गंमत म्हणून खुर्चीत बसतो, आणि खालच्या दोन ओळी त्याला वाचता येत नाहीत. "इतकं तर दिसते मले," तो म्हणतो. खरंच त्याला तसं वाटत असतं. नजर रोज इतकी थोडी उतरते की माणूस आहे त्यालाच दिसणं समजतो. मी अशा किती जणांना समजावून हसलो असेन. त्या दिवशी खुर्चीत मी होतो.

"सिगरेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"बिडी, खर्रा?"

"काहीच नाही."

"दुकान कुठे म्हणालात?"

"सदर. मेन रोडवर. सव्वीस वर्षं."

त्यांनी मान हलवली. वयाच्या मानाने कमी आहे, म्हणाल्या. घाबरायचं कारण नाही, पण दरवर्षी पाहायला या. दुकानात तोंडाला मास्क लावा, पहाटेचं फिरणं हिवाळ्यात नको, धूळ ओल्या फडक्याने पुसा. आणि एकट्या मशीनवरून सगळं ठरत नाही, असंही म्हणाल्या. मी कागद घडी करून पाकिटात ठेवला. सुनंदा बाहेर आली तेव्हा तिने विचारलं, "तुमचं काय?" मी म्हणालो, "लोहाराचा भाता."

तिथून पुढे मी ज्या दिवशी फुंकलो, काटा चारशे तीस-चाळीसच्या पुढे गेला नाही. आधीही जात नसावा, मीच डोळे बारीक करून वरचं वाचत असेन, काय सांगावं. कॅलेंडरवर मात्र मी निळ्या शाईत साडेपाचशे लिहीत राहिलो. एक वर्ष. दुसरं वर्ष. तिला धीर राहावा म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. घरात एक तरी चांगली छाती आहे एवढा तिला आधार. आणि सकाळी कप घेऊन गॅलरीत जायचो, मुद्दाम, सरळ पाठीने. आत आल्यावर बाथरूमचा नळ सोडून खोकायचो. बाबांसारखाच आवाज येतो माझा, हे मला त्या नळाखाली कळलं.

त्या नऊ रोडग्यांबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी ओरडलो ते तिने ऐकलं नसावं अशी माझी समजूत होती. खोकल्यात, धुरात, पन्नास पावलांवरून कुठे ऐकू येणार?

आता परवाची सकाळ. कप कठड्यावर ठेवून मी आत आलो. फुंकणी काढली. सुनंदाने फुंकलं, दोनशे तीस. मी लाल शाईत लिहिलं, आणि दोन-तीन दिवस बाहेर पडू नकोस म्हणालो. मग मी फुंकलो.

"किती?" तिने नेहमीसारखं विचारलं.

"साडेपाचशे," मी नेहमीसारखं म्हणालो.

एक गोष्ट मी विसरलो होतो. त्याच आठवड्यात मी तिला नवा चष्मा करून दिला होता. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत, दिवसभर घालायचा. माझ्या हाताने घासलेल्या काचा, माझ्या हाताने बसवलेली फ्रेम. तो तिच्या नाकावर होता. तिने माझ्या हातातून फुंकणी घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"फुंका," ती म्हणाली.

"फुंकलं न आत्ता."

"पुन्हा एकदा. जोर लावा."

मी जोर लावला. सगळा लावला. मागून खोकला आला तो मला आवरता आला नाही, नळही नव्हता सोडलेला. काटा जिथे थांबला तिथे तिने अंगठ्याचं नख टेकवलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"रोडग्यांच्या वर्षापासून."

ती खाली बसली. मला वाटलं रडेल, पण तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वावरात मले दोन मिनिटं थांब म्हटलं तुमी. थांबली मी. आता दोन वर्षं थांबवून ठेवलं?"

म्हणजे तिने ऐकलं होतं. खाटेवर वाकून, श्वास मिळत नसताना, तिने माझं ओरडणं ऐकलं होतं आणि ती थांबली होती. दोन वर्षं ते तिच्याजवळ होतं, जसं माझं माझ्याजवळ. तिने लाल पेन घेतलं, निळं सोडून दिलं, आणि परवाच्या चौकटीत माझा आकडा लिहिला. चारशे तीस. तिच्याच आकड्याखाली, त्याच शाईत.

आज सकाळी उठलो तेव्हा बाहेर तसंच होतं. टाकी दिसत नव्हती. खाली काका मफलर गुंडाळून निघाले होते, त्यांची छाती भरून आत घेतलेली हवा मला वरून दिसली आणि मला त्यांना हाक मारावीशी वाटली, पण काय सांगणार होतो मी त्यांना? मी सवयीने दार सरकवून गॅलरीत गेलो. कठड्यावर हात ठेवला, तर हाताला तीच चिकट करडी धूळ. मी घाबरलेला आहे. तिच्यासाठी होतोच, आता माझ्यासाठीही आहे, आणि आमच्यातलं कोण आधी कोणाला उचलून गाडीत टाकणार हा विचार मनात येतो. कालपासून तो विचार जात नाही.

मागे दार सरकल्याचा आवाज आला. सुनंदा उंबऱ्यावर उभी होती, तोंडावर पदर धरून. बावीस वर्षांत हिवाळ्यात ती त्या दारापर्यंत कधी आली नव्हती.

"तू कशाले आली बाहेर?" मी म्हणालो. "आत जा न वं."

"तुमी या आत," ती म्हणाली. "तुमचा चहा सोफ्यापाशी ठेवला हाय. अन् दार लावून घ्या."

मी आत गेलो आणि दार लावलं.